जावयाचा हात धरला त्या रविवारची गोष्ट

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे दुसऱ्याच्या दहाव्याचं कार्ड. पलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा गेला होता. आमच्याकडं माणूस गेला की आधी रडारड होते आणि लगेच कार्ड निघतं. कार्ड निघेपर्यंत माणूस पुरता गेला असं कुणी धरत नाही. वर फोटो, मग प्रवचन करणाऱ्या महाराजांचं नाव, घाट कुठला, वेळ काय, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून अख्खी भावकी. जिवंतपणी ज्यांनी त्याला पाणी विचारलं नाही, त्यांची नावं सगळ्यात ठळक.

ही कार्डं माझी बायको करायची. शिलाई मशीनच्या शेजारी कॉम्प्युटर होता, त्यावर. ती सातवी शिकलेली, मी चौथी. म्हणून ती टाइप करायची आणि मी कच्चा कागद वाचून दाखवायचो.

"नीट वाचा की वो. अडखळताय काय, बाराखडी सुरू हाय का?"

"अक्षर बघ मग तूच. कोंबडी नाचलीय कागदावर."

"बरं, खुटबावच्या व्याह्यांचं नाव कुठं टाकू?"

"खाली टाक."

"खाली टाकलं तर ते जेवायला थांबायचे न्हाईत."

"मग वर टाक."

"वर टाकलं तर घरचे थांबायचे न्हाईत."

"मग मधी टाक. म्हंजी कुणीच थांबायचं न्हाई, सैपाक वाचंल."

ती हसली. म्हातारा मेलेला, आणि आम्ही त्याच्या कार्डावर हसतोय. मग तिनं कार्ड छापलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, मला चहा टाकायला लावला आणि प्यायल्यावर पांचट आहे म्हणाली. झालं. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरनं मनगट धरून मान हलवली. मान हलवायला मला दवाखान्यापर्यंत जायची गरज नव्हती, ती मी गोठ्यातच हलवली होती.

तिच्या दहाव्याचं कार्ड कुणी करायचं? करणारी तर तीच. शिरूरच्या एका दुकानात भावकीतल्या पोरांनी फोटो दिला आणि तासाभरात रंगीत कार्ड आलं. त्यावर मावळता सूर्य, दोन समया, एक हंस, कोपऱ्यात गुलाबाची फुलं. बायकोला इतकी गोरी केलेली की मी दोनदा बघितलं, म्हटलं चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही. येणारा जाणारा मला म्हणायचा, "आप्पा, कार्ड झकास झालंय." मयताचं कार्ड झकास! मीही म्हणायचो, "व्हय, आता माझं करायचं तवा दोन हंस टाकू."

तेव्हाच मी ठरवलं. वर्षश्राद्धाचं कार्ड निघंल ते तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्याच मांडणीत निघंल. तिची मांडणी साधी होती. काळी बारीक चौकट, आणि चष्मा नसलेल्या म्हातारीलाही वाचता येतील एवढी मोठी अक्षरं. हंस नाही, काही नाही. एक कोरा नमुना तिनं ठेवलेला होता, त्यात नावं बदलून ती सगळ्यांची कार्डं काढायची. तो नमुना आणि तिचा मराठी टाइप करायचा जुना प्रोग्रॅम, दोन्ही त्या मशीनमध्ये. एवढंच मला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाची मागणी लहान असली की लोकांना ती फार जड जाते.

वर्ष भरत आलं आणि पोरीचा फोन आला. पोरगी दौंडला दिलेली आहे, तिथं एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते. जावई कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला आहेत.

"आप्पा, त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काय उघडू नका हां. ती सिस्टिम आता जुनी झाली. ती बनवणाऱ्या कंपनीनं तिची राखण बंद केलीय."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"स्क्रीनवर येतंय की रोज."

"ते व्हय? मला वाटलं जाहिरात हाय. मी रोज फुली मारतोय."

"आता काय बोलू तुम्हाला. हे येतील रविवारी. सगळं पुसून नवी सिस्टिम टाकून देतील."

"काय पुसून?"

"जुनं सगळं."

"तुझी आई पुसून?"

 बोलल्यावर मलाच वाटलं, जरा जास्त झालं. पण माझ्या तोंडाला झाकण नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

"आईच्या फायली पेनड्राइव्हमधी घेतील की," ती म्हणाली.

"आन् तिचा मराठीचा प्रोग्रॅम?"

"तो नव्यात चालत न्हाई."

"मग मला नवं न्हाई पायजे."

तिनं उसासा टाकला. तिच्या आईचाच उसासा. मग म्हणाली, "बरं, ऐका. एकाच कॉम्प्युटरमधी दोन ठेवता येतात. एका बाजूला आईचं जुनं जसंच्या तसं, दुसऱ्या बाजूला नवं. ते नवं फुकटात मिळतं आणि जुन्या मशीनला झेपतं. चालू केलं की विचारतं, कुठं जायचं."

"भांडत न्हाईत का?"

"नीट वाटणी केली तर न्हाई."

आमच्या तीन चुलत्यांनी वाटणीला तालुक्याचा मोजणीदार आणला होता, तरी बांध अजून दर पावसाळ्यात चालतो. पण कॉम्प्युटरला भावजया नसतात, म्हटलं जमेल.

मग तिनं मला समजावलं, काय काय धोक्याचं आहे. आधी आईचं सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवायचं, आणि उतरवलेलं उघडून बघायचं. मग जुनी सिस्टिम पुरती बंद करायची, नुसती झोपवायची नाही. नव्याला जागा करायची ती जुन्याच्या आतूनच करायची, बाहेरून कापाकापी नको. काम चालू असताना लाइट जाता कामा नये. आणि शेवटी स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न येतो, शेजारी टाकू का सगळं पुसू? पुसायच्या शब्दाची पाच अक्षरं तिनं मला फोनवर शिकवली, पहिलं असं. उभी रेघ आणि तिला तीन आडव्या काड्या.

"तेवढं लक्ष ठेवा. आणि कॉपी घेतली का, ते विचारा त्यांना."

"मी? जावयाला?"

"मग कोण?"

"तू विचार की. नवरा तुझा हाय."

"मी विचारलं तर म्हणतात, तुला माझ्यावर भरोसा न्हाई."

"मी विचारलं तर म्हणतील, तुझ्या बापाला न्हाई. तुलाच हे सगळं येतंय, तर तूच का येत न्हाईस?"

"आप्पा, ते म्हणालेत मी करतो. आता मी मधी कशी येऊ?"

बघा. जिला येतं ती येऊ शकत नाही, जो येणार त्याला विचारता येत नाही. आमच्याकडं जावई म्हणजे देव. देवाला नैवेद्य दाखवतात, हिशेब विचारत नाहीत. सासुरवाडीत जावयानं उभ्या भिंतीला दार म्हटलं तरी सासऱ्यानं कडी शोधायची.

रविवारी ते आले. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर, रात्रीची शिफ्ट करून, डोळे लाल. मी हातावर बॉलपेननं त्या इंग्रजी शब्दाची पाचही अक्षरं काढून ठेवली होती. पण आल्या आल्या कामाला बसवलं तर लोक काय म्हणतील? आधी जेवण. मटण मीच केलं होतं. ताटं धुतली, रस्सा वाढला, पुन्हा हात धुतले, आणि तळहातावर फक्त पहिलं अक्षर उरलं. उभी रेघ, तीन काड्या.

"मामा, मटण एक नंबर झालंय," जावई म्हणाले. मला ते मामा म्हणतात, बायकोला आत्या म्हणायचे.

"मीठ कमी वाटतंय का?"

"छे छे. बरोबर हाय."

मी पहिला घास घेतला. मीठ टाकायचंच राहिलं होतं. ते बरोबर आहे म्हणाले, मी बरं म्हणालो, आणि दोघांनी ते अळणी मटण चाटूनपुसून संपवलं. पुढं दिवसभर काय होणार ते तिथंच कळायला हवं होतं.

ते कॉम्प्युटरला बसले. मी शेजारी बायकोच्या शिलाईच्या स्टुलावर. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, इकडचं तिकडं ओढलं, काढला. मला विचारायचं होतं, आणि विचारता येत नव्हतं. मग मी आडून सुरुवात केली.

"आमच्या साखर कारखान्यात काटा दुरुस्तीला माणूस यायचा, पाहुणं. त्यो आधी सगळं उतरून घ्यायचा."

"चांगला माणूस म्हणायचा."

"लई चांगला. उतरून घेतलेलं परत वाचून बी बघायचा."

"व्हय का," म्हणाले आणि स्क्रीनकडंच बघत राहिले.

थोड्या वेळानं आमची मांजरी आली. मी तिला मांडीवर घेतली आणि म्हटलं, "काय गं मने, कॉपी घेतली का?"

मांजरी काही बोलली नाही. जावई बोलले. "घेतली, मामा."

उघडून बघितली का, हे मांजरीला विचारायचा धीर मला झाला नाही. माणसानं सगळी लाज एकाच दिवशी सोडू नये.

मी पोरीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. म्हटलं नवरा-बायकोनं आपसात बघावं.

"काय हो, कॉपी घेतली ना?" पोरगी म्हणाली.

"घेतली गं."

"उघडून बघितली?"

"हो, हो. तू क्लास घे तुझा."

बापासमोर नवऱ्याला तिसऱ्यांदा कसं विचारणार? तिनं फोन ठेवला. असं आम्ही तिघांनीही आपापलं सभ्यपण सांभाळलं, आणि मध्ये बायकोची सगळी कार्डं उघड्यावर.

मशीन बंद झालं, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून चालू झालं. नवा रंग, नवी अक्षरं. जावई पुढं, पुढं असं दाबत चालले होते. झोप त्यांच्या मानेवर बसलेली मला दिसत होती. मग स्क्रीनवर एकाखाली एक दोन ओळी आल्या. वरची लांब होती, तिचं पहिलं अक्षर म्हणजे नुसता दांडा. खालच्या ओळीचं पहिलं अक्षर मी बघितलं. मग माझा हात बघितला. उभी रेघ, तीन काड्या.

आणि माऊसचा बाण त्याच ओळीवर उभा.

मी जावयाचा हात धरला. मनगटात, गच्च, जशी कासऱ्याला हिसका देणारी गाय धरतात तशी. त्यांच्या लग्नात मी हा हात धरला होता, पोरीचा हात त्यात द्यायला. त्यानंतर एकदम आज.

"मामा, हात सोडा."

"तुम्ही आधी त्यो उंदीर सोडा."

"मामा, मी वरचंच दाबणार होतो."

"मग बाण खाली काय चारा खायला गेलता का?"

तोंडातून गेलं. सासऱ्यानं जावयाला असं बोलायचं नसतं. ते उठले, ओट्यावर गेले, बूट घालायला लागले. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. जावई चहा न घेता रुसून निघालेला वाडीनं बघितला की पुढची दहा वर्षं तेच. आणि आत टेबलावर मशीन तसंच अर्धवट, विचारत उभं, पुसू का.

"जाताय तर जावा," मी मागनं म्हणालो. "पण ती कॉपी मला दाखवा. ती उघडली तर मी हितंच, सगळ्यांदेखत, तुमच्या पाया पडतो."

सासरा पाया पडणार म्हटल्यावर ते घाबरले. पण रागही होता. "दाखवतो की!" म्हणून त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला, ओट्यावरच बसले, पेनड्राइव्ह लावला. ओळीनं चित्रं आली, बायकोच्या स्क्रीनवर असायची तशीच. त्यांनी पहिल्यावर दाबलं. काहीतरी चौकोनी डबी आली. दुसऱ्यावर दाबलं. तीच डबी. तिसऱ्यावर दाबायच्या आधी ते माझ्याकडं बघेनासे झाले.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"वस्तू सापडत न्हाई म्हणतंय."

चित्रांच्या कोपऱ्यात बारीक बाण होता, तो त्यांनी मला दाखवला. तो बाण असला की ती फाइल नव्हेच. फाइल कुठं आहे त्याची नुसती पाटी. बायकोनं सोयीसाठी पाट्या बाहेर लावून ठेवल्या होत्या आणि खरी कार्डं आत कुठंतरी ठेवली होती. जावयांनी पाट्या उचलल्या होत्या. मघाशी ती ओळ दाबली गेली असती, तर माझ्याकडं तिच्या पाट्या राहिल्या असत्या.

आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. एक बूट त्यांच्या पायात, एक बाहेर.

"मामा, चुकलं," ते म्हणाले. "झोपेत होतो. उघडून न्हाई बघितलं."

आता जावई चुकलं म्हणाल्यावर सासऱ्यानं काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"मटणात मीठ बी नव्हतं," मी म्हणालो.

"अजिबात नव्हतं, मामा."

"मग बोलायचं न्हाई का?"

"तुम्ही एवढं प्रेमानं वाढलं..."

"प्रेमानं न्हाई, इसरून वाढलं."

ते हसले. मग मी चहा टाकला, त्यांनी बूट काढला, आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. मशीन परत तिच्या जुन्या बाजूला चालू केलं. काही पुसलं गेलं नव्हतं. या वेळी त्यांनी आत जाऊन तिचा सगळा खणच्या खण मोठ्या डिस्कवर उतरवला. माणूस कामाचा आहे, नीट विचारलं की नीट करतो. पण जावयाला नीट विचारणार कोण? त्यांनी स्वतःच म्हटलं, "उघडून बघू, मामा." मी म्हटलं, "बघू." आणि लॅपटॉपवर तिचं कार्ड उघडलं.

कार्ड कसलं. चौकट होती तिची, आणि आत इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टोप्या घातलेले आकार. 'दशक्रिया' या शब्दाच्या जागी कुणीतरी भाजी सांडल्यासारखं.  म्हटलं आयुष्यभर हिनं गावाची कार्डं केली आणि शेवटी हे?

"मामा, थांबा, थांबा. काय झालं न्हाई. आतलं नीट हाय. आत्याचं मराठी जुन्या पद्धतीचं हाय, त्याचा फॉन्ट ह्या लॅपटॉपमधी न्हाई. म्हणून याला वाचता येत न्हाई."

"मला बी येत न्हाई. मी काय वेगळा?"

त्यांनी जुन्या मशीनमधून तो फॉन्ट शोधून काढला, डिस्कवर घेतला, लॅपटॉपमध्ये टाकला, कार्ड परत उघडलं. आणि ती सगळी टिंबं, टोप्या जाऊन तिथं आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा आला. फोटोसकट. आयुष्यात त्याला बघून मला कधी आनंद झाला नव्हता.

"हे आता कुठंबी वाचता येईल," जावई म्हणाले. "पण नवं लिहायचं तर आत्याचा प्रोग्रॅम लागणार. त्यो जुन्या बाजूलाच चालतो. म्हणून ती बाजू हलवायची न्हाई."

"मी सकाळपास्नं दुसरं काय बोलतोय?"

"तुम्ही मांजरीशी बोलत होता, मामा."

पुढचं मी सांगतो ते शिरूरच्या बाजूच्यांनाच कळेल. नव्याला जागा करायला सुरुवात करायची, तर म्हटलं थांबा, थ्री फेज येऊ द्या. आमच्याकडं शेतीची लाइट आली की सगळ्यांच्या मोटरी आपोआप चालू होतात, कारण प्रत्येकानं ऑटो बसवलाय. एकदम सगळ्या शिवाराच्या मोटरी उठल्या की घरातला बल्ब पणतीएवढा होतो आणि कॉम्प्युटर मान टाकतो. म्हणून मोटरी उठून वोल्टेज जाग्यावर येईस्तोवर आम्ही बसून राहिलो. मग जावयांनी कॉम्प्युटर इन्व्हर्टरला जोडला, मी फ्रीजची पिन काढली. त्यांनी जुन्याच्या आतूनच जागा मोकळी केली. किती काम झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी सावकाश सरकत होती. ते खुर्चीतच डुलक्या घेत होते, मी पट्टीला पहारा दिला. कारखान्याच्या गेटवरची जन्मभराची सवय.

मग परत तोच प्रश्न आला. त्यांनी माऊस सोडून दिला, हात मांडीवर ठेवले.

"मामा, शेजारी टाकतोय. वरची ओळ. बघा."

मी तळहात काढला. वरच्या ओळीला तीन काड्या नव्हत्या.

"दाबा."

"दाबू?"

"दाबा की. आता काय हळद लावून दाबणार?"

नवी सिस्टिम शेजारी बसली. कुणाला धक्का लागला नाही. मशीन बंद करून चालू केलं तर काळ्या पाटीवर दोन नावं आली, कुठं जायचं विचारत. नवं वर, तिचं खाली, आणि शेजारी आकडा उलटा पळतोय. बटण दाबलं नाही तर ते आपोआप नव्यात जातं.

"हिचं वर घ्या," मी म्हटलं.

"मामा, रोजचं काम नव्यात करायचंय तुम्हाला. बँक, सातबारा, सगळं. जुन्या बाजूचं नेट मी बंद करून टाकलंय, तिकडं आता राखण न्हाई. चुकून तिकडनं बाहेर जाऊ नका."

"म्हंजी तिला आता गावात काय चाललंय ते कळायचं न्हाई."

"आत्याला न्हाई, मामा. कॉम्प्युटरला."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी तिचं वर घेतलं. नवं दुसरं. मग पोरीला फोन लावला आणि स्वतःच सगळं सांगितलं. पाट्यांचं, हाताचं, मटणाचं. पोरगी हसली का रडली ते फोनवर कळत नव्हतं, दोन्ही एकाच आवाजात करते ती. "हात धरला? आप्पांनी? तुमचा?" एवढंच तीन वेळा म्हणाली. ऊन कलायच्या आत ते निघाले, परत रात्रीची शिफ्ट होती. मी टॉवेल-टोपी दिली. नको नको म्हणाले. मी म्हटलं, "घ्या. हाताचा दंड हाय." त्यांनी टोपी तिथंच घातली आणि टोपीवरच हेल्मेट घातलं. जावई म्हणजे जावईच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून आलो, हात धुतले आणि मशीन चालू केलं. ती आपोआप उघडली. तिचा नमुना शोधला, मूळ तसाच ठेवून त्याची दुसरी प्रत केली, हे मी तिला हजारदा करताना बघितलेलं. वरच्या ओळीत 'कै.' तिनं आधीच टाकून ठेवलेलं होतं, पुढं जागा मोकळी. लग्न झाल्यापासून मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं' म्हटलं की ती यायची, आणि नाव घ्यायची वेळ उखाण्यातसुद्धा मी कारखान्यात ड्युटी आहे म्हणून चुकवली होती. ते नाव मी एका बोटानं, एकेक अक्षर कीबोर्डवर हुडकून टाइप केलं. चहा गार झाला. 'शोकाकुल' खाली मी पहिलं नाव पोरीचं टाकलं, दुसरं जावयांचं. भावकी खाली. भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे, कार्ड माझ्या घरातून निघतंय.

पहिलं कार्ड छापलं, खिडकीशी धरून वाचलं. मीच लिहिलं असल्यानं अडखळलो नाही. आमच्याकडं जावयाला आमंत्रण फोनवर देत नाहीत, घरी जाऊन हातात द्यायचं असतं. म्हणून मी धुतलेला सदरा घातला, मांजरीपुढं दूध ठेवलं आणि फाट्यावर जाऊन एसटी धरली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. दौंड, म्हटलं, चौफुल्याला गाडी बदलून. त्यानं आधार कार्डावर माझं वय बघितलं आणि फुकटाचं तिकीट फाडून दिलं. गाडी भरलेली होती. एका पोरानं उठून जागा दिली, मी बसलो, आणि कार्ड चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी गुडघ्यांवर आडवं धरून ठेवलं.